लांबची नजर स्वच्छ आहे

३ जून

टिंगूस अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. फाडलंस तरी फाडण्यापुरतं हातात धरशीलच.

आधी आईला सांग की मी ठीक आहे. एका चष्म्याच्या दुकानात कामाला लागले. पुढे काउंटर, मागे पडदा लावलेली अंधारी खोली, आणि त्या खोलीत डोळे तपासायचं काम माझं. एवढ्या वर्षांनी तो जुना कोर्स कामी आला. मालक सत्तरीचे आहेत. दिवसातून चार वेळा स्वतःचा चष्मा शोधतात आणि तो कपाळावर असतो. गिऱ्हाईक हसलं की म्हणतात, "ही आपली जाहिरात आहे." दुकानावरची एक खोली त्यांनी मला दिली आहे. खिडकीखाली रस्ता, रस्त्यापलीकडे ट्रकचा तळ. दिवसभर ट्रक येतात, धुतले जातात, निघून जातात.

तू म्हणशील, जगात एवढी गावं पडली असताना ट्रकच्या तळासमोर राहायची काय हौस. हौस कसली. बस जिथवर जात होती तिथवरचं तिकीट काढलं, एवढंच.

न सांगता निघाले हे चुकलं. अपघाताची भरपाई हातात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. तळमजल्याचं घर झालं, दाराला उतार बांधला, तुला बसून कापड कापता येईल अशा उंचीचं टेबल आलं, हाताखाली दोन बायका आल्या. पहिल्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "ताई कोर्टात ठाम उभी राहिली, म्हणून हे टेबल आज इथे उभं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी मी पिशवी भरली.

तुला वाटलं असेल, तीन वर्षं बहिणीचं करून ही कंटाळली आणि पैसे आल्याबरोबर हात झटकून मोकळी झाली. आई फोनवर तसं बोललीच. ते खरं नाही, एवढंच आज लिहिते.

नकली पाय घासतो का अजून? त्याच्या वाटीच्या कडेला फोड आला तर दोन दिवस पाय लावू नकोस. तू ऐकायची नाहीस, पण मी सांगितल्याशिवाय राहायची नाही.

तुझी ताई


२१ जून

टिंगूस अनेक आशीर्वाद.

उत्तर नाही. असो. आईने फोनवर सांगितलं की शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलंय आणि तू दिवसभर टेबलावरून उठत नाहीस. मधूनमधून उठत जा. कंबर धरली तर दुसऱ्या पायावर भार येतो.

इथली एक गंमत सांगते. समोरच्या तळावर ट्रक धुणारा एक माणूस आहे. पन्नाशीचा. पाण्यात राहून राहून हातांना भेगा पडलेल्या. सगळे त्याला मामा म्हणतात. परवा दुपारी तो दुकानात आला. पायपुसण्यावर इतका वेळ पाय पुसत राहिला की मालक म्हणाले, "अहो, आत या, फरशी आमचीच आहे."

मी त्याला खुर्चीत बसवलं, दिवा मालवला. माझ्याकडे त्याने नीट पाहिलंही नाही. तक्त्याकडेच बघत होता.

"काय त्रास होतो, मामा?"

"लांबचं दिसत नाही."

एक डोळा झाकला, दुसरा झाकला. तक्त्यावरची अगदी खालची ओळ, जी मलाही चष्मा लावूनच वाचता येते, ती त्याने घडाघडा वाचली. मी पुन्हा वाचायला लावलं, या वेळी उलटी. तीही वाचली.

"मामा, लांबची नजर स्वच्छ आहे. जवळचं वाचायला बारीकसा नंबर लागेल, तो वयाचा. लांबच्याला काही झालेलं नाही."

"परत बघा."

परत बघितलं. तेच.

"बाई, तुमचा तक्ता सोपा असेल. मला दिसत नाही हे मला माहीत आहे."

"काय दिसत नाही?"

तो म्हणाला, "समोर आलेलं."

मग म्हणाला, एखादा नंबर तरी लिहून द्या, म्हणजे निदान कारण कळेल. नसलेला नंबर मी कुठून लिहू? नमस्कार करून गेला. मालक म्हणाले, "नजर अधू झाली हे कबूल न करणारी माणसं मी जन्मभर पाहिली. नजर चांगली आहे हे कबूल न करणारा हा पहिलाच."

गंमत म्हणून लिहिलं. आईला सांग, जेवण वेळेवर होतं.

तुझी ताई


४ जुलै

टिंगू,

हे पत्र आईला वाचायला देऊ नकोस.

मागच्या पत्रात गंमत म्हणून जे लिहिलं त्यात गंमत काही नव्हती. तो मामा म्हणजे आपल्या अपघातातला ट्रकचा ड्रायव्हर. कोर्टात तू त्याला पाहिलं नाहीस. तुझा जबाब झाला त्या दिवशी तो आला नव्हता आणि माझा झाला त्या दिवशी तू दवाखान्यात होतीस. तो मागच्या बाकावर खाली मान घालून बसला होता.

बस जिथवर जाते तिथवरचं तिकीट मी काढलं नव्हतं. केसच्या कागदांवर त्याचा पत्ता म्हणून हा तळ लिहिला होता. तो बघून आले. समोर चष्म्याचं दुकान निघालं आणि त्यांना माणूस हवा होता, तेवढा भाग नशिबाचा.

का आले, ते खरं सांगते. मला तो वाईट माणूस निघायला हवा होता. दारू पिऊन बायकोला मारणारा निघाला असता तर मी दुसऱ्या दिवशी परत आले असते आणि शांत झोपले असते. महिनाभर खिडकीतून बघते आहे. तो सकाळी येतो, ट्रक धुतो. बायको तिथेच सावलीला बसून फाटक्या ताडपत्र्या शिवते. दुपारी दोघं एकाच डब्यात जेवतात. तो तिच्या बोटाला रुतलेला दोरा काढून देतो. कंटाळले त्यांच्यात खोट शोधून.

चार महिने तुरुंगात होता, हे तुला माहीत आहे. परवाना गेला, हेही. त्या वेळी तू म्हणालीस, "चारच महिने? माझा पाय चार महिन्यांनी उगवणार आहे का?" मी म्हटलं, "खरंय."

काल तो पुन्हा आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आज नीट बघा. मी एका पोरीचा पाय घेतला आहे."

मी दिवा लावलाच नाही. अंधारात तो बोलत राहिला.

"चोवीस वर्षं गाडी चालवली, बाई. कुत्रंसुद्धा आलं नाही चाकाखाली. त्या दिवशी मी माझ्या बाजूने चाललो होतो असं मला वाटतं. हॉर्न दिला, असंही वाटतं. पण त्या पोरीची बहीण कोर्टात म्हणाली, ट्रक आमच्या अंगावर आला. बाई साधी होती, शिकलेली. ती कशाला खोटं बोलेल? तिची बहीण तिथे रक्ताच्या थारोळ्यात पडलेली. आमच्या मालकाचा वकील म्हणाला, कबूल करून टाक, शिक्षा कमी होते. मी केलं. तेव्हापासून विचार करतोय. एक तर माझा डोळा लागला असेल, नाही तर मला दिसत नसेल. डोळा लागला असेल तर मी नालायक. दिसत नसेल तर आजार. म्हणून तुमच्याकडे येतो."

मी त्याला जवळच्या वाचनाचा नंबर लिहून दिला. पहिल्या कागदावरचं अक्षर मलाच लागेना, म्हणून तो फाडून दुसरा लिहिला.

पुढचं आज लिहवत नाही.

ताई


६ जुलै

टिंगू,

दोन दिवस दुकानात गेले नाही. ताप आहे म्हणून सांगितलं. आता लिहिते. थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

त्या सकाळी मी तुला तुझ्या कारखान्यावर सोडायला निघाले होते. तू स्कूटरवर मागे बसली होतीस. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तू मला चिडवत होतीस, माझ्या पुढच्या दाताला नवीन टोपी बसवली होती त्यावरून. मग म्हणालीस, "दाताला पैसे आले कुठून? स्कूटरचा विमा भरलास ना? आईने दिले होते." आईने दिलेले पैसे मी दाताला घातले होते. विमा संपून दोन महिने झाले होते. मी मान मागे वळवून म्हटलं, "भरला. तुला काय करायचंय?"

एवढं म्हणायला जितका वेळ लागतो तितकाच. गल्ली संपून मोठा रस्ता लागला होता. तिथे थांबायचं असतं. मी थांबले नाही. ट्रक त्याच्या बाजूने, सरळ, बेताच्या वेगाने येत होता. त्याने दोनदा हॉर्न दिला. मला दोन्ही ऐकू आले. ब्रेक मारल्याचा आवाज अजून येतो.

तो आपल्या बाजूला आला नाही. आपण त्याच्यासमोर गेलो.

तुला दवाखान्यात कसं नेलं, ते मी तुला असं सांगितलं होतं की लोक जमले आणि त्यांनी दटावून ट्रकवाल्याला भाग पाडलं. लोक नव्हते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यानेच स्वतःचा शर्ट काढून तुझ्या मांडीला आवळून बांधला. दोघांनी मिळून तुला केबिनमध्ये चढवलं. तो गाडी हाकत होता आणि सारखा म्हणत होता, "ताई, तिच्याशी बोलत राहा. झोपू देऊ नका." ताई म्हणत होता मला. डॉक्टर नंतर म्हणाले, अजून पंधरा मिनिटं गेली असती तर काही करता आलं नसतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तुला नेण्यासाठी त्याने ट्रक जागचा हलवला. रस्त्यावरच्या खुणांवरून मागचे ट्रक जाऊन सगळं पुसलं गेलं. आपल्या वकिलाने तेच धरलं, की अपराध लपवायला गाडी हलवली. म्हणजे तुझा जीव वाचवला हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला. मी समोर बसून ऐकलं.

खोटं बोलायचं असं ठरवून मी काही केलं नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात वकील आला होता. त्याने समजावलं, चूक ट्रकची असेल तर ट्रकची विमा कंपनी भरपाई देईल. चूक स्कूटरची असेल तर स्कूटरचा विमा. "तुमचा विमा चालू आहे ना?" मी आतल्या दाराकडे पाहिलं. तो कागदाकडे बघत म्हणाला, "ट्रक तुमच्या बाजूला आला होता ना?" त्या 'ना'ला मी मान डोलावली. आत तू ऑपरेशनच्या टेबलावर होतीस आणि पाय ठेवायचा की काढायचा ते अजून ठरत होतं. माझ्याजवळ तुला द्यायला एक दमडी नव्हती. तुझ्यासाठी केलं असं मी तीन वर्षं मनाला सांगत आले. पण विम्याचं कुणाला कळू नये म्हणूनही केलं. कुठलं किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

शुद्धीवर आल्यावर तुला काहीच आठवत नव्हतं. तू विचारलंस, "काय झालं होतं?" आणि मी सांगत गेले. एकदा सांगितलं की पुढे सोपं जातं. त्याचे डोळे लाल होते, तोंडाला वास येत होता, हे सगळं मी नंतर घातलेलं.

भरपाईचा एकेक पैसा तुझ्या हक्काचा आहे, पाय तुझा गेला आहे. पण ज्याच्या माथी मारून तो मिळवला, तो माणूस माझ्यासमोर बसून स्वतःच्या डोळ्यांत दोष शोधतो आहे.

काय करू, ते तू सांग. मी बोलले तर तुझं टेबल, घर, पुढचा नकली पाय, सगळं धोक्यात येतं. तुला न विचारता एकदा केलं, दुसऱ्यांदा करणार नाही.

ताई


१५ जुलै

ताई,

पत्र आईला दाखवलं नाही. मीच दोनदा वाचलं.

पायाबद्दल तुला काही म्हणत नाही. मान वळली, अपघात झाला. मान कुणाचीही वळते. विम्याच्या पैशांचा दात केलास त्यावर एरवी मी वर्षभर हसले असते.

पण तीन वर्षं मी त्या माणसाला रोज शिव्या दिल्या. उभं राहायला शिकताना पडले की त्याला शिवी. वाटीत पाय सुजला की त्याला शिवी. त्याचे लाल डोळे मला स्वप्नात दिसायचे. ते डोळे तू रंगवून दिलेले होते. मला आठवत नव्हतं म्हणून तू जे सांगितलंस तेच मी आठवण म्हणून जपलं. माझ्या डोक्यात तू भाडेकरूसारखी शिरलीस आणि तुझं सामान लावून बसलीस.

आणि त्याने शर्ट काढून बांधला, हे तू मला सांगितलं नाहीस. यासाठी मला तुझ्यावर ओरडायचं आहे आणि पत्रात ओरडता येत नाही.

वकिलाकडे जाऊन आले. दोन जिने चढून. त्याने सगळं ऐकलं आणि पंखा वाढवला. म्हणाला, "झाकली मूठ आहे, कशाला उघडता? कुणी विचारत नाहीये." मी म्हटलं, मी विचारतेय. मग त्याने सांगितलं. केस पुन्हा उघडली तर पुढच्या पायासाठी बँकेत ठेवलेली रक्कम कोर्ट अडकवून ठेवेल. कंपनी सगळी भरपाई परत मागेल, मिळेल की नाही ते पुढचं पुढे. तुझ्यावर खोट्या साक्षीचा खटला. मी विचारलं, "आणि त्या माणसाचं काय?" तो म्हणाला, "त्याने तर गुन्हा कबूल केला होता." जसं काही तेवढ्याने झालं.

टेबल गेलं तर गेलं. जमिनीवर बसून कापेन. हाताखालच्या दोघींना अजून सांगितलेलं नाही, ते सांगणं मला जड जाणार आहे. त्यांच्या घरच्या चुली यावर आहेत. हेही तुझ्या खात्यावर लिही.

आधी त्याला सांग. पत्राने नाही, तोंडाने. मग कोर्टाला.

आणि यापुढे मला आशीर्वाद लिहू नकोस. आपण बहिणी आहोत, ते काही पुसता येत नाही. पण आशीर्वाद नकोत.


२८ जुलै

टिंगू,

सांगितलं.

दुपारची जेवणं उरकली होती. तो एका ट्रकची चाकं धूत होता, बायको शेजारी ताडपत्री शिवत होती. मी जाऊन उभी राहिले. त्याला वाटलं चष्मा तयार झाला. म्हणाला, "उद्या आलो असतो की, बाई."

मी म्हटलं, "मामा, त्या स्कूटरवर पुढे बसलेली मी होते."

त्याला कळलं नाही. तेव्हा नसलेला चष्मा मी काढला. मग त्याने मला पाहिलं, आणि पाण्याची नळी हातातच राहिली. बायकोने उठून नळ बंद केला.

वर तोंड करून एका दमात सांगितलं. तुम्ही तुमच्या बाजूला होतात. मी गल्लीतून न थांबता आले. तुम्ही हॉर्न दिला, ब्रेक मारला. कोर्टात मी खोटं बोलले. आता जाऊन खरं सांगणार आहे.

मला वाटलं होतं तो मारेल. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. तो चाकाला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "म्हणजे मी जागा होतो."

"हो."

"हॉर्न किती वेळा दिला होता?"

"दोनदा."

"दोनदा," त्याने बायकोकडे बघून म्हटलं. "मी सांगत होतो ना तुला, दोनदा."

"तुम्ही कुठे सांगत होता?" ती म्हणाली. "मी सांगत होते. तुम्ही म्हणायचात, माझंच चुकलं असेल." तिचा आवाज चढला नव्हता. हातात जाड सुई तशीच होती. मग ती माझ्याकडे वळली. "ह्यांची आई तुरुंगाच्या दारातून परत गेली. आत यायची लाज वाटली तिला. नंतर चार महिन्यांत गेली. आता तुम्ही जा. इथे थांबू नका."

मी वळले. त्याने मागून विचारलं, "ती पोरगी चालते का?"

मी म्हटलं, "चालते. काठी घेऊन चालते."

"बोलत होती ना शेवटपर्यंत. म्हटलं, वाचेल."

मालकांना सगळं सांगून नोकरी सोडते म्हणाले. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "त्याला नसलेला नंबर लिहून दिला होतास का?" म्हणाले. मी म्हटलं, नाही. "मग इथलं काम चोख आहे. बाकीचं कोर्ट बघेल."

पुढच्या आठवड्यात अर्ज देते. इथलाच एक वकील पाहिला आहे.

ताई


१२ डिसेंबर

टिंगू,

काल कोर्टात तू बाकाच्या त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये आई. तू बोलणार नाहीस हे मी धरून आले होते. आईने डब्याचं झाकण भरून माझ्यासमोर सरकवलं, माझ्याकडे न बघता. मी त्याला हात लावला नाही. तिने झाकण परत घेतलं नाही, तसंच राहू दिलं.

तुला आत बोलावण्याआधी जे झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय?"

मी म्हटलं, "तेव्हा."

"आज तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

मी म्हटलं, "तेव्हा मला बोलून मिळणार होतं. आज बोलून जाणार आहे." तो हसला. न्यायाधीश हसले नाहीत, लिहून घेतलं. विम्याची तारीख विचारली, दाताच्या दवाखान्याची पावती विचारली. ती मी जपून ठेवली होती, का ते मलाच माहीत नाही. ती दिली.

मग त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. मी म्हटलं, माझ्या बहिणीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने कोर्टात एकही शब्द खोटा सांगितलेला नाही. एवढं निकालात लिहिलं जावं.

नंतर तुझा जबाब झाला. तुझ्या मागे दार लावून घेतलं, त्यामुळे तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही. बाहेर आलीस तेव्हा तुझी मान ताठ होती. मामा दाराशी उभा होता. त्याने तुझ्यासाठी दार धरलं. तू त्याच्याकडे पाहिलंस आणि काहीतरी म्हणणार होतीस, पण शिपायाने पुढचं नाव पुकारलं.

बँकेतली रक्कम अडकली, हे वकिलाकडून कळलं. पायाची वाटी सैल झाल्याचंही आईकडून कळलं. आत मोजा दुहेरी घालतेस म्हणे. माझ्यामुळे.

ताई


९ मार्च

टिंगू,

निकालाची प्रत तुझ्याकडे आली असेल. तरी इथलं लिहिते.

मामाची शिक्षा रद्द झाली, परवाना परत मिळाला. कागद हातात आल्यावर दुसऱ्या दिवशी तो तळावरच्या एका ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसला. तासभर बसला. सुरू केला नाही. उतरून पुन्हा धुवायला लागला. बायको म्हणते, चालवेल तेव्हा चालवेल, परवाना खिशात असला म्हणजे पुरे. ती अजून माझ्याशी बोलत नाही. परवान्याचं हे तिने मालकांना सांगितलं.

तुला दिलेलं कंपनीने तुझ्याकडून परत घ्यायचं नाही, ते माझ्याकडून वसूल करायचं, हे वाचून मी प्रथमच नीट श्वास घेतला. दर महिन्याला पगारातून कापलं जाईल. हयात पुरणार नाही, पण सुरू तर झालं. बँकेतली रक्कम मात्र त्यांचं अपील संपेपर्यंत सुटणार नाही. म्हणजे नवीन पाय लांबला. हे तू भोगते आहेस, मी नाही, आणि याला मी काय करू ते मला समजत नाही.

आता गेल्या मंगळवारबद्दल. तू इथे आलीस हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी काचा पुसत होते. समोरच्या थांब्यावर बस थांबली आणि तू उतरलीस, आधी काठी, मग पाय. माझा हात तिथेच थांबला. तू दुकानाकडे पाहिलं नाहीस. सरळ तळात गेलीस.

मामाने तुला बसायला लाकडी खोकं उलटं करून दिलं. त्याच्या बायकोने आपली ताडपत्री बाजूला सारली. किती वेळ बोललात कोण जाणे, मी घड्याळाकडे पाहिलं नाही. एकदा तू खाली मान घातलीस आणि त्याची बायको उठून तुझ्याजवळ येऊन बसली. एकदा तिघंही हसलात. ताडपत्रीचा कोपरा हातात धरून तू तिला काहीतरी दाखवत होतीस, बहुतेक शिवण कशी दुमडायची ते. त्या वेळात आत दोन गिऱ्हाइकं आली. मालकांनी मला हाक मारली नाही, स्वतःच बघितली.

परतीची बस या बाजूच्या थांब्यावरून सुटते, म्हणून तुला रस्ता ओलांडायचा होता. तळातून एक ट्रक बाहेर पडत होता, दुसरा वळून येत होता. मामा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला. दोन्ही ट्रक थांबले. मागच्याने हॉर्न वाजवला, त्याने ऐकलं नाही. तू तुझ्या चालीने चालत राहिलीस. त्याने तुझा हात धरला नाही, फक्त शेजारून, तुझ्याइतकंच हळू चालला. तू थांब्यावर पोचलीस तेव्हा कुठे त्याने हात खाली घेतला.

तू दुकानापासून वीस पावलांवर होतीस. मी आत होते. बाहेर यावं असं शंभरदा वाटलं, पण तू मला भेटायला आली नव्हतीस.

बस गेल्यावर तो परत जाताना काचेसमोर थांबला. माझ्याकडे बघत राहिला. राग नव्हता, मायाही नव्हती. एखादा माणूस दुसऱ्या माणसाला नीट बघून घेतो, तसा. मी मान खाली घातली नाही. मग तो गेला.

काय बोललात ते मी विचारणार नाही. ते तुमचं आहे.

माझ्या खटल्याचा निकाल पुढच्या महिन्याच्या सतराला आहे. वकील म्हणतो, तीन ते सहा महिने होतील. मालकांनी खोली रिकामी करायची नाही म्हणून बजावलं आहे. आई येते म्हणते, तिला येऊ दे. तू येऊ नकोस. त्या कोर्टाला दोन जिने आहेत, आणि पाय जुना झाला आहे.

ताई